जरा बंद करून दाखवा ना!

आपल्याला दाढी नाही याचं दुःख बाईमाणसाला सहसा होत नाही. मला गेल्या उन्हाळ्यात झालं. दाढी असती तर मी रोज सकाळी नत्थुजींच्या खुर्चीत जाऊन बसले असते, मान वर करून, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या राजापेठेला दिसेल अशी. पण देवानं मला पिको-फॉलची मशीन दिली आणि तोंड दिलं. मशीन चालते, तोंडाचं कोणी ऐकत नाही.

माझं दुकान आणि नत्थुजींचं सलून यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत आहे, तीही छतापर्यंत न पोचणारी. तिकडचं सगळं इकडे ऐकू येतं. नत्थुजी म्हणजे काय बोलायचे! कापसाच्या भावापासून कोणाची सून माहेरी का जाऊन बसली इथपर्यंत सगळं, आणि त्या बोलण्याच्या नादात दाढी कधी होऊन जायची ते गिऱ्हाइकालाही कळायचं नाही. तेल्हाऱ्याकडची माणसं अमरावतीला कामासाठी यायची ती दोन दिवसांची दाढी वाढवून, नत्थुजींकडेच करायची म्हणून. माझ्या कात्र्यांना धारही तेच लावून देत. माझ्या लेखी राजापेठेत कामाचा म्हणावा असा तो एकच माणूस होता.

पन्नाशी उलटली आणि त्यांचा हात थरथरायला लागला. आधी चहा बशीत सांडायचा. मग कंगवा हलायला लागला. हात मांडीवर ठेवला की शांत, काही धरायला गेला की सुरू. न्हाव्याचं सगळं कामच धरण्याचं. एक दिवस वस्तरा गिऱ्हाइकाच्या कानाजवळ नेला आणि तसाच मागे घेतला, आणि किशोरला म्हणाले, ‘‘तू कर बापा.’’ किशोर त्यांचा मुलगा. त्या दिवसापासून दुकान त्याचं झालं. नत्थुजी केस झाडायचे, टॉवेल वाळत घालायचे आणि पाण्याचा गिलास दोन्ही तळव्यांत धरून, भिंतीकडे तोंड करून प्यायचे.

लोकांनी काय म्हणावं? ‘‘सकायीसकायीच लावून आला वाटते.’’ ज्या माणसानं जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, त्याच्या तोंडाचा वास घेऊन पाहणारे महाभाग मी या डोळ्यांनी पाहिले. एका डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्यांनी चक्कर यायला लागली. दुसऱ्यानं सांगितलं टेन्शन घेऊ नका. कोणी दंडाला काळा दोरा बांधला. दोराही थरथरायला लागला, बाकी काही फरक पडला नाही.

यात त्यांच्या जिवाला लागलेली गोष्ट एकच होती. त्यांची मुलगी भावना अकोल्याला दिली आहे. तिला मुलगा झाला, पिंटू. नत्थुजींच्या घरात नातवाचं जावळ आज्याच्या वस्तऱ्यानं काढायची रीत आहे. किशोरचं आणि भावनाचं जावळ नत्थुजींच्या बापानं काढलं होतं. तो बापाचा वस्तरा नत्थुजींनी मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलेला. पिंटूला पहिलं वर्ष लागलं तेव्हा यांचा हात असा. भावनानं सासरी सांगितलं, बाबाचा हात थांबू द्या, आपण तिसऱ्या वर्षी काढू. पोराचे केस वाढत राहिले. लोक त्याला मुलगी समजून रिबिनी द्यायला लागले.

शेवटी नागपूरला एका मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई भेटली आणि तिनं पहिल्यांदा सरळ भाषेत सांगितलं. हा दारूचा रोग नाही, भीतीचा नाही. मेंदूत एका बारीकशा जागेवरून हाताला चुकीचा हुकूम जातो. त्या जागी एक तार सोडायची आणि हलका करंट द्यायचा, म्हणजे तो हुकूम वाटेतच अडतो. रोग जात नाही, पण करंट चालू आहे तोवर थरथर दबून राहते. करंट देणारी बॅटरी छातीत, कातडीखाली बसवायची. ती बरीच वर्षं चालते, संपली की बदलायची. घरच्या लायनीशी तिचा काडीचा संबंध नाही. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचा सगळा तमाशा त्याच्यावरून झाला.

ऑपरेशन झालं. खर्चाचं मी बोलत नाही, तो त्यांनी आणि किशोरनं कसा उभा केला ते त्यांचं त्यांना माहीत. नत्थुजी परत आले तेव्हा डोक्याला टाके आणि सगळ्यात पहिली तक्रार कसली? ‘‘ताई, माहं डोकं भादरलं तिथच्या पोरानं. अशी भादरणूक मी म्हशीची नाई केली असती.’’ मग सांगायला लागले. डोक्याला लोखंडी चौकट स्क्रूनं आवळली. भूल फक्त वरच्या कातडीला. माणूस जागा. आत तार सरकवत होते आणि डॉक्टरीणबाई म्हणत होती, गिलास धरा, कागदावर जिलबी काढा. जिलबी आधी पार विसकटलेली. मग तिनं करंट सोडला आणि हात थांबला.

‘‘थांबला म्हंजे कसा थांबला?’’ मी विचारलं.

‘‘दुसऱ्या कोणाचा लावला असन असा थांबला. मले रडू आलं ताई. पण डोकं चौकटीत ठोकेल, पुसाले बी हालता येईना. मी म्हनलं, बाई, वस्तरा आना. तं ते म्हने, बाबा, इथं नाई आनता येत.’’ आणि हसले.

काही आठवड्यांनी मशीन कायमची चालू करून दिली. तेव्हा एक अडचण निघाली. करंट पुरता वाढवला की हात दगडासारखा स्थिर, पण जीभ जड व्हायची. शब्द लोळत बाहेर यायचे. करंट कमी केला की जीभ मोकळी, पण हातात बारीक थरथर परत. डॉक्टरीणबाईनं दोन्ही सेटिंग भरून दिल्या आणि एक छोटं रिमोट दिलं. एक हाताची सेटिंग, एक बोलण्याची, आणि एक बटन पूर्ण बंदचं. ज्या माणसाचं अर्धं दुकान तोंडावर चालायचं, त्याला निवडायला लावलं. नत्थुजींनी हात निवडला. मला त्या डॉक्टरणीचा नाही, दैवाचा राग आला, पण दैवाला बोलून उपयोग काय?

आता लोकांचं ऐका. आधी हात थरथरायचा तेव्हा म्हणायचे दारू पितो. आता हात स्थिर झाला, जीभ जड झाली, तरी म्हणायला लागले दारू पितो! मी एकाला पार्टिशनवरूनच झाडलं, ‘‘काहून बे, तुह्याकडची पेते काय?’’ तो गेला, पण म्हणणं इथंच ठेवून गेला.

पण खरा घात केला तो पाहुण्यांनी. आपल्याकडे ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला जावंच लागतं. नाही गेलं तर आयुष्यभर ऐकावं लागतं. तेव्हा सगळे आले. घरी आले, मग दुकानात आले. चहा झाला की चुळबुळ सुरू. मग कोणीतरी म्हणायचं, ‘‘किशोर, ते रिमोट आहे म्हंते तुह्यापाशी?’’

रिमोट किशोरच्या खिशात. पोरगा वाईट नाही. बापाचं त्याला कौतुक होतं, आणि त्याला वाटायचं, लोकांनी पाहिलं की गिऱ्हाईक परत येईल. तो नत्थुजींच्या हातात चहाचा भरला कप द्यायचा. ‘‘पाहा, थेंब सांडते काय?’’ थेंब सांडायचा नाही. पाहुणे माना डोलवायचे. मग तो शब्द यायचाच.

‘‘जरा बंद करून दाखवा ना!’’

किशोर बटन दाबायचा. थोड्या वेळात नत्थुजींचा हात सुटायचा. चहा शर्टावर, मांडीवर. बायका ‘अगं माय’ करायच्या. माणसं मोबाईल काढायची. परत चालू, हात थांबायचा, आणि टाळ्या. नत्थुजी ओल्या शर्टानं बसलेले, आणि जीभ जड म्हणून धड नको म्हणायची पंचाईत. त्यांची बायको वच्छलाबाई आत शर्ट धुवून धुवून कावलेली. एकदा मी न राहवून गेले आणि किशोरला म्हणाले, ‘‘तुह्या बापाचा हात आहे तो, घरची टीव्ही नव्हे. चालू-बंद करून काय राहिला?’’

‘‘काकू, लोकाईले भरोसा तं आला पाह्यजे.’’

‘‘अरे, तू त्याईले थरथरच दाखवून राहिला. भरोसा कुठचा येईन?’’

झालंही तसंच. ज्यानं ज्यानं तो खेळ पाहिला, त्याच्या डोक्यात स्थिर हात राहिला नाही, सुटलेला राहिला. लोक येत, किशोरच्या खुर्चीसाठी ताटकळत बसत, मोबाईल चाळत. शेजारची खुर्ची रिकामी, तिच्यामागे नत्थुजी खांद्यावर टॉवेल टाकून उभे. ‘‘या ना,’’ म्हणत. ‘‘नाई, आमाले घाई नाई.’’ माझ्या कानानं ऐकलेलं आहे, एकजण बाहेर येऊन दुसऱ्याला सांगत होता, ‘‘अबे, बॅटरीवर चालते त्याचा हात. इथं दिवसातून कितीदा लाईन जाते! गळ्यावर वस्तरा असतानी गेली तं?’’

मी बाहेर आले. म्हटलं, ‘‘छातीत बॅटरी आहे दादा, तिचा लायनीशी संबंध नाई. तुमचा मोबाईल बंद पडते काय लाईन गेली की?’’

‘‘चार्जिंग संपली की पडते ना,’’ तो म्हणाला. काय डोकं फोडायचं यांच्यापुढे!

तरी एक दिवस गोपालराव बसले. गोपालराव म्हणजे समोरच्या ट्यूशन क्लासचे ऑफिस सांभाळणारे. त्यांना मिटिंगची घाई होती आणि किशोरपुढे रांग. मी तेव्हा माझी कात्री घ्यायला नत्थुजींच्या दारातच उभी होते, म्हणून हे ऐकीव नाही. नत्थुजींनी साबण लावला. चेहऱ्यावर असं समाधान, की मी दारातून हललेच नाही. एक गाल झाला. काय हात चालत होता! दुसऱ्या गालाला वस्तरा टेकवला आणि लाईन गेली. पंखा थांबला, ट्यूबलाईट विझली. उजेड होता, चांगला दिवस होता, दार सताड उघडं. नत्थुजींचा हात जिथं होता तिथंच होता. पण गोपालरावांच्या डोक्यात तो लायनीचा किडा! ‘‘अरे बापा!’’ ओरडले आणि खुर्चीतून उसळले. उसळलेला माणूस वस्तऱ्यावर जाऊन आदळला. गालाला बारीक चिरा पडला, पोरांना खेळताना पडतो तेवढा.

नत्थुजी तुरटी घ्यायला वळले तोवर गोपालराव अर्धा फेस आणि रक्त घेऊन रस्त्यावर. ‘‘लाईन गेली अन् याचा हात सुटला हो!’’ राजापेठेतल्या स्कूटर थांबल्या. मी ओरडत होते, ‘‘तुमीच उसळले! मी पाह्यलं! हात जागचा हालला नाई!’’ कोणी ऐकेल तर शपथ. एकजण मला म्हणतो, ‘‘ताई, तुमी ब्लाउज शिवा.’’ मी त्याच्या बायकोचं ब्लाउज एक महिना तसंच पडू दिलं.

संध्याकाळी नत्थुजींनी किशोरपुढे हात पसरला. किशोरला आधी कळलं नाही. मग त्यानं खिशातून रिमोट काढून दिलं. नत्थुजींनी ते कमरेच्या बटव्यात टाकलं आणि बटव्याची दोरी आवळली. मला विचाराल तर हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं.

गोपालरावांच्या गालाची बातमी अकोल्याला पोचायला किती वेळ लागणार? भावनाचे सासरे भगवंतराव, तेही वस्तऱ्याचेच. अकोल्याला जठारपेठेत त्यांचं मोठं सलून, आता त्यांचा मुलगा, म्हणजे भावनाचा नवरा अश्विन चालवतो, एसी आणि आरसेच आरसे. अक्षय तृतीयेला जावळ ठरलं होतं. भगवंतरावांचा फोन आला. नत्थुजींनी स्पीकरवर टाकला, हाताच्या सेटिंगवर त्यांना धड बोलता येत नव्हतं म्हणून वच्छलाबाईंनी मलाही बोलावलं.

‘‘इवाई, वाईट मानू नका. तुमचा मान आहेच. पयली बट तुमीच कापा, कात्रीनं. बाकीचं अश्विन करते, मशीननं. लेकराचं डोकं आहे ना, रिक्स कायले घ्या?’’

व्याही बोलत होते ते गोडच बोलत होते. त्याचाच जास्त राग आला. वच्छलाबाईंनी नत्थुजींकडे पाहिलं. नत्थुजींनी रिमोट काढलं, बोलण्याची सेटिंग लावली, जीभ सुटेपर्यंत थांबले, आणि म्हणाले, ‘‘बरं. तुमी म्हनान तसं.’’ एवढंच म्हणायला सेटिंग बदलली! मी तिथून उठून गेले, नाहीतर मी काहीतरी बोलले असते.

अक्षय तृतीयेला आम्ही एसटीनं मूर्तिजापूरवरून अकोल्याला गेलो. वच्छलाबाईंनी मला ओढूनच नेलं. नत्थुजींच्या मांडीवर पिशवी, पिशवीत फडक्यात गुंडाळलेला बापाचा वस्तरा. मी म्हटलं, ‘‘भाऊ, कात्रीनंच बट कापाची आहे ना? मंग हा कायले?’’

‘‘असू द्या,’’ म्हणाले. ‘‘लेकराले दाखवतो.’’ शब्द स्वच्छ निघाले. तेव्हा मला कळलं की सेटिंग बोलण्याचीच ठेवली आहे. व्याह्यांच्या घरी चार पाहुण्यांत बोबडं बोलायला नको म्हणून. हात मांडीवर एकमेकांत अडकवून ठेवले होते.

अकोल्याचं ऊन मी काय सांगू! घरात दोन कूलर घोंघावत होते आणि तरी जीव जात होता. हॉलमध्ये चौरंगावर किशोर, मामा म्हणून, त्याच्या मांडीवर पिंटू, खांद्यापर्यंत केस. औक्षण झालं. भगवंतराव काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते, नुकतंच मोतीबिंदूचं झालेलं. ‘‘या इवाई,’’ म्हणाले. नत्थुजी उठले, कात्री हातात घेतली आणि कात्रीचं टोक हललं.

थोडंसंच हललं. बोलण्याच्या सेटिंगवर तेवढं हलायचंच. पण अख्ख्या हॉलनं पाहिलं. भावनाच्या सासूनं तोंडावर पदर धरला. नत्थुजींनी बट कापली, ताटात ठेवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. लहान पोरानं पाठ केलेली कविता म्हटल्यावर वाजवतात तशा. मग त्यांना धरून एका प्लास्टिकच्या खुर्चीत नेऊन बसवलं. धरून! ज्या माणसानं कवटीला भोक पाडताना जागं राहून जिलब्या काढल्या, त्याला धरून! माझं टाळकं सणकलं होतं, पण परक्याच्या घरी काय बोलणार?

अश्विननं मशीन लावली. रात्रभर लाईन नव्हती म्हणून चार्ज झाली नव्हती, तेव्हा वायर बोर्डात खुपसूनच चालवत होता. घर्रर्र आवाजानं पिंटू किंचाळायला लागला. तशातच डाव्या बाजूचे केस उतरले, टकलाचा अर्धा गोल निघाला, आणि कूलरनी एक लांब उसासा टाकला.

लाईन गेली. मशीन अश्विनच्या हातात गप्प झाली.

‘‘येईन दोन मिनिटात,’’ कोणीतरी म्हणालं. अश्विननं वायरमनला फोन लावला. ट्रान्सफॉर्मर उडाला होता, संध्याकाळपर्यंत भरोसा नव्हता. दुकानातनं वस्तरा आणायचा तर दुकानाची किल्ली सुट्टीवर गेलेल्या पोराकडे. भगवंतरावांच्या डोळ्याला धड दिसत नव्हतं. पिंटूच्या एका बाजूला टक्कल, दुसऱ्या बाजूला वेणीएवढे केस, घामानं चिकटलेले, आणि रडून रडून उचकी लागलेली. अर्ध्यावर सोडलेलं जावळ चांगलं नसतं असं एक मावशी म्हणाली. ते तिनं नसतं म्हटलं तरी सगळ्यांच्या मनात तेच होतं.

मी नत्थुजींकडे पाहिलं. त्यांनी बटव्याची दोरी सोडली होती. रिमोट काढून बटन दाबलं, परत बटव्यात ठेवलं, आणि हात समोर धरून बघत बसले. हाताचं बारीक हलणं कमी कमी होत गेलं आणि थांबलं. मग उठले, पिशवीतून फडकं काढलं, तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि पिंटूच्या डोक्यावर चोळलं. ते थंड पाणी लागताच पोरगं जरा गप्प झालं.

भावनाची सासू ओरडली, ‘‘अवो, लाईन गेली ना! लाईन नाई अन् हे वस्तरा घेऊन राहिले! कोनी धरा वो त्याईले!’’

अश्विन पुढे झाला. पण तोवर वस्तरा पोराच्या डोक्यावर टेकला होता. आता धरायचं कसं? हात लावला, धक्का लागला, तर काय होईल? पुढे आलेला अश्विन होता तिथंच थिजला. ज्या भीतीनं लोकांना नत्थुजींच्या खुर्चीजवळ येऊ दिलं नव्हतं, तिनंच सगळ्यांना जागच्या जागी बांधून टाकलं. सासूबाईंच्या हातातलं ताट खडखडत होतं. अश्विनच्या कपाळावरून घाम टपकत होता. भावना मात्र समोर येऊन बसली, मुलाचे दोन्ही पाय धरले आणि म्हणाली, ‘‘करा बाबा.’’

नत्थुजींनी केलं. हात असा चालला, जसा मी तो सलूनच्या दारातून वर्षानुवर्षं पाहिला होता. वस्तरा कानामागून वळला, मानेच्या खळग्यात उतरला. पिंटू हुंदका द्यायचा तेव्हा हात हुंदक्याबरोबर उचलायचा आणि परत टेकायचा. मला रडू येत होतं आणि मी पुसत नव्हते, कारण मलाही हलायची भीती वाटत होती. एकदाच ते थांबले. पिंटूला धरलेल्या किशोरचे हात लटलट कापत होते. रिमोटवाला किशोर! नत्थुजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि जड जिभेनं, एक एक शब्द उचलून ठेवत, म्हणाले, ‘‘हालू... नको... बे.’’

शेवटची बट भावनाच्या ओच्यात पडली. नत्थुजींनी ओल्या फडक्यानं डोकं पुसलं आणि वस्तरा मिटवला.

भगवंतराव खुर्चीतून उठले, चाचपडत चौरंगापाशी आले आणि नातवाच्या डोक्यावर तळवा ठेवला. न्हाव्याचाच तळवा तो. मागून पुढे, मग उलट, मग कानाच्या पाळीपर्यंत बोटांनी चाचपून पाहिलं. सासूबाईंनी विचारलं, ‘‘लागलं काय वो कुठी?’’ भगवंतरावांनी परत एकदा तळवा फिरवला. मग नत्थुजींच्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे गेले आणि बसले.

तेवढ्यात अश्विनचा कोणी मावसभाऊ मोबाईल काढून पुढे आला. ‘‘काका, लय भारी! आता एकदा जरा बंद करून दाखवा ना!’’

मी पायातली चप्पल काढणारच होते. पण भगवंतराव माझ्याआधी बोलले. त्यांनी काळा चष्मा काढून सुनेच्या हातात दिला होता, मान मागे टाकली होती, आणि गळा वर केला होता.

‘‘थांब बे,’’ ते म्हणाले. ‘‘माही दाढी होऊ दे आंधी.’’

नत्थुजींनी साबणाची वाटी मागितली.